पाळण्याच्या गाण्यामागची गोष्ट

दत्तप्रसादने चौथ्यांदा विनीताच्या वडिलांना चोरलं, त्या शनिवारी तिने ठरवलं, की आता याला सोडायचं नाही.

चोरायचा तो किस्से. परदेशातल्या क्रेगीबर्न या उपनगरातली आठ-दहा मराठी घरं लॉकडाऊनमध्ये दर बुधवारी झूमवर जमायची. एकेकाने आवडतं जुनं गाणं लावायचं आणि त्यामागची गोष्ट सांगायची. विनीताकडे अशा गोष्टींचा साठाच होता. तिचे वडील, नाना, कराडला रेडिओ दुरुस्त करायचे. पुण्या-मुंबईचे वादक, संगीतकार दौऱ्यावर आले, की बिघडलेला अँप्लिफायर घेऊन नानांच्या दुकानात यायचे, चहाला घरी थांबायचे आणि भरभरून बोलायचे. नाना ते सगळं मुलीला जेवताना सांगायचे.

मे महिन्यात नाना कोविडने गेले. विमानं बंद. विनीताने त्यांचं अंत्यदर्शन फोनवर घेतलं, तेही मधेच अडकलं. तेव्हापासून बुधवारचा तो तास म्हणजे तिच्यासाठी नानांना भेटणं होतं.

आणि झूमवर मान डोलावत ऐकणारा दत्तप्रसाद तेच किस्से शनिवारी दुपारी चारला रेडिओवरच्या आपल्या मराठी कार्यक्रमात सांगायचा. सांगेना का बापडा! पण सुरुवात करायचा ती, "माझे बाबा मला नेहमी सांगायचे..." अशी. त्याचे बाबा बँकेत होते आणि त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे त्यानेच एकदा हसत हसत सांगितलं होतं.

तिने फोन केला, तर म्हणाला, "अगं, किस्से काय कुणाच्या मालकीचे असतात? लोकांना मजा येते ना?"

"नानांचं नाव तरी घे."

"घेऊ की. नेक्स्ट टाइम. नो वरीज."

पुढचा शनिवार आला आणि पुन्हा त्याचे बाबाच बोलले. विनीताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नानांचं आता होतं काय, तर एवढ्या गोष्टी. त्याही हा माणूस आपल्या बापाच्या नावावर खपवत होता.

मग तिने शांतपणे बसून एक गोष्ट रचली. धादांत खोटी.

संगीतकार मधू केळशीकरांचं पाळण्याचं गाणं कुठल्या मराठी घरात वाजलं नव्हतं? केळशीकरांना जाऊन तीस वर्षं झाली होती. नानांकडे नेमकी याच गाण्याची गोष्ट नव्हती. "असू दे ते," म्हणायचे आणि दुसरं गाणं लावायचे. म्हणजे मैदान मोकळंच होतं.

विनीताची गोष्ट अशी: कृष्णाकाठच्या एका गावात केळशीकरांचा एका लग्न झालेल्या बाईवर जीव जडला. तिला मुलगी झाली. मुलगी कुणाची, हे तिघांनाच ठाऊक. नवरा देवमाणूस. त्याने मुलीला आपलं नाव दिलं, वर केळशीकरांना बारशाला बोलावलं. पाळण्यापाशी उभ्या उभ्या त्यांना ही चाल सुचली. खोटं खपवायचं तर त्यात थोडं खरं लागतं, म्हणून घर मात्र तिने आपल्या कराडच्या घरासारखंच रंगवलं.

बुधवारी तिने ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगितली. दत्तप्रसाद या वेळी मान डोलावत नव्हता. लिहून घेत होता.

"हे जरा जास्तच होतंय, विनू," झूम बंद झाल्यावर तिचा नवरा विवेक म्हणाला. "भांडण तुमचं. त्या गेलेल्या माणसाची बदनामी कशाला?"

"शनिवारपर्यंतच. त्याने सांगितलं, की मी तिथेच फोन करणार आणि सगळ्यांसमोर म्हणणार, हे मी रचलंय. मग बघू त्याचे बाबा काय म्हणतात!"

"आणि तिकडे कराडला तुझ्या आईंना ऑनलाइन कशाला ऐकायला बसवतेस?"

"आपल्या नवऱ्याला चोरणाऱ्याची कशी जिरते, ते तिलाही ऐकू दे. चोरी माहितेय तिला. आजची गोष्ट काय, ते नाही सांगितलं. मजा जाईल."

शनिवारी चार वाजता, म्हणजे कराडच्या साडेअकराला, कार्यक्रम सुरू झाला. विनीता हातात फोन घेऊन स्वयंपाकघरात बसली. दत्तप्रसादने गळ अख्खा गिळला. गिळला नुसता नाही, वर आपलं मीठमसालाही लावला. "त्या बारशाला," तो गहिवरून म्हणाला, "माझे बाबा स्वतः हजर होते!"

विनीताला इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

त्याने श्रोत्यांसाठी फोन खुले केले. तिने लगेच नंबर लावला. त्याच्या मदतीला असलेली मिताली म्हणाली, "ताई, तुमच्या आधी एक कॉलर आहेत. होल्ड कराल?"

करीन की. जन्मभर करीन.

तेवढ्यात समोरच्या आयपॅडवर आईचा व्हिडिओ कॉल आला. विनीताने कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा तिने उचलला. हसत असणार म्हातारी, म्हटलं येऊ दे तिलाही गंमत बघायला.

आई हसत नव्हती. पदर तोंडाशी धरून नुसती बघत होती.

"आई, दोनच मिनिटं थांब. आता बघ त्याचं कसं—"

"आणि आता आपल्यासोबत आहे क्रेगीबर्नहून विनीता," कानाला लावलेल्या फोनवर दत्तप्रसाद म्हणाला. "बोल विनीता, सगळे ऐकतायत."

"विने," आई म्हणाली, "दवाखान्यातून नाना तुला सगळं सांगून गेले होय गं? मला तर त्यांनी शब्द दिला होता, पोरीला कधी कळू देणार नाही म्हणून."