हातातला घास

जानेफळच्या घरी बसून गोकुळनं सर्व्हरवर नोड हे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं, आपला प्रोग्राम सुरू केला आणि त्याच्यावर दुसरा एक राखणदार प्रोग्राम बसवला.

"हा काय करते?" वामनरावांनी विचारलं.

"पहिला बंद पडला का हा त्याले लगेच चालू करते, बाबा. कोणी ध्यान देत बसाची गरज नाही."

तीस वर्षं वामनरावांनी पिठाची चक्की चालवली. इंजिनाची टुकटुक जरा अडखळली, की हातातला घास ताटात टाकून ते धावायचे. लहानपणी गोकुळनं त्यांना एका बैठकीत जेवताना कधी पाहिलंच नव्हतं.

जेवताना गोकुळचा मोबाइल वाजला. प्रोग्राम बंद पडल्याची सूचना होती. घास ताटात टाकून तो उठला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"बस बे, जेव. राखणदार माह्या इंजिनाले नव्हता."