लंकेचं चित्र

"आलं का?" उमाकांतअण्णांनी गच्चीच्या कठड्यावरून वाकून विचारलं.

"मुंग्याच आहेत," खालच्या खिडकीतून नयनाअक्कांचा आवाज आला. "जरा डावीकडे घ्या."

अण्णांनी अँटेना डावीकडे वळवला. उंच नळीवर बसवलेला, नुसत्या ॲल्युमिनियमच्या काड्यांचा सांगाडा. के. आर. पुरमच्या त्या तीन मजली इमारतीवर बाकी सगळ्या गुबगुबीत डिश होत्या. हा एकटाच हाडं काढून उभा होता. अण्णांच्या खिशात मोबाइल होता, पण या कामाला मोबाइल चालत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. एकानं वर चढायचं, एकानं टीव्हीपुढे बसायचं आणि दोघांनी ओरडायचं, हीच रीत.

आपल्याकडची जुन्या पद्धतीची प्रक्षेपणं बंद झाली होती. श्रीलंकेत ती अजून चालू आहेत, असं अण्णांनी वाचलं होतं. हवा तापून निपचित पडली की लहरी समुद्र ओलांडून भलत्याच लांब जातात, हेही वाचलं होतं. झालं. सरकारी कारखान्यातून रिटायर झालेल्या या इंजिनियरनं माळ्यावरचा जुना डबा टीव्ही खाली काढला. उन्हाळाभर खटपट चालली. जिन्यात भेटेल तो विचारायचा, अण्णा, लंका किती राहिली? शेपूट कधी पेटवताय?

मग असोसिएशनला सोलरसाठी नेमकी तीच जागा हवी झाली. मीटिंगमध्ये बरीच वादावादी होऊन ठरलं, की रविवारी सूर्य मावळेपर्यंत लंकेचं चित्र आलं तर अँटेना राहील. नाही आलं तर सेक्रेटरी गुरुप्रसाद स्वतः उतरवील. साक्षीला पहिल्या मजल्यावरच्या जमनाबाई. त्या कुणाची भीड ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या.

तो रविवार आज होता. जमनाबाई जेवण उरकून आल्या होत्या आणि अक्कांच्या टीव्हीपुढे मांडी ठोकून बसल्या होत्या.

वर अण्णांच्या अंगात वारं शिरलं होतं. घामानं निथळत ते अँटेनाभोवती फुगडी घातल्यासारखे फिरत होते. अँटेना जाणार हा धाक होता आणि तरी मजा वाटत होती. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये असंच चालायचं. अण्णा वर, अक्का खाली. भर उन्हात झटापट करून ते लालबुंद झाले की हाक यायची, आलं, आलं, या खाली. अण्णा धावत यायचे. तोवर चित्र गेलेलं असायचं आणि ताटलीत गरम काहीतरी वाढलेलं असायचं. दुबळ्या सिग्नलचा स्वभावच तसा, दर्शन देऊन पळतो, असं ते मित्रांना समजावून सांगायचे.

ऊन उतरलं. सूर्य पाण्याच्या टाकीमागे गेला तसा गुरुप्रसाद जिना चढून आला. सकाळपासून तो व्हाइटफील्डला एका लग्नात होता, तिथून थेट गच्चीवर. अंगात रेशमी सदरा, हातात पाना.

"मलाही स्वल्प वाईट वाटतंय, अण्णा," तो म्हणाला. "पण ठरलं ते ठरलं."

अण्णांनी आणखी थोडा वेळ मागितला. तोही संपला. खालून मुंग्यांचीच खबर येत राहिली. शेवटी अण्णा बाजूला झाले आणि तोंड फिरवून उभे राहिले. गुरुप्रसादनं डाव्या हातानं नळी धरली, उजव्या हातानं नटाला पाना लावला.

"आलं! अहो, आलं! कुणी हलू नका!"

गुरुप्रसाद होता तसा थिजला. "मी धरलं म्हणून?"

होतं असं, माणसाच्या अंगानंही सिग्नल ओढला जातो, अण्णा घाईघाईनं सांगू लागले. एवढ्यात अक्कांनी कळवलं, की एक बाई बातम्या देते आहे. पाठोपाठ जमनाबाईंचा करडा आवाज आला, "पिवळी साडी. मी साक्ष आहे."

गुरुप्रसादनं पाना खिशात टाकला. नळी सोडली नाही. त्याचा चेहरा नवरदेवासारखा फुलला होता. लंकेची बाई आपल्या हातातून चालली आहे, हे त्याला पटायला वेळ लागला नाही. "तुम्ही बघून या, अण्णा," तो म्हणाला. "मी आहे इथं."

सत्तरी ओलांडलेले अण्णा दोन-दोन पायऱ्या उतरत धावले. एक चप्पल गच्चीवरच राहिली.

घरात पंखा थांबलेला होता. फ्रिज गप्प होता. जमनाबाई एका हातानं वर्तमानपत्राचा वारा घेत दुसऱ्या हातानं चकली खात होत्या. त्यांच्यापुढे टीव्ही काळाठिक्कर होता.

"करंट दुपारीच गेलाय की," जमनाबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, सांगू या त्यांना. तर ह्या म्हणाल्या, नको, किती खुशीत नाचतायत."

अण्णांनी बायकोकडे पाहिलं. अक्कांनी उपम्याची ताटली पुढे केली. वाफ निघत होती.

"आत्ताच गेलं," त्या म्हणाल्या. अगदी क्वार्टर्समधल्या आवाजात.

अण्णा मटकन खाली बसले. आधी पोट हललं, मग खांदे. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. जमनाबाईंना ठसका लागला.

"अण्णा, दिसतेय का?" वरून गुरुप्रसाद ओरडला.

अण्णांनी डोळे पुसले आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

"लख्ख," ते ओरडले. "फक्त तू हात काढू नकोस."