आधीच्या घरमालकाचं पत्र

करणदादा शिकायला आयर्लंडला गेला. रविवारी होस्टेल सोडायचं होतं, आणि जी एकमेव खोली मिळत होती तिची मालकीण म्हणाली, आधीच्या घरमालकाकडून फॉर्म भरून आणा. दादा तर जन्मात कुठे भाड्याने राहिलेला नाही. कॉलेजलासुद्धा तो आमच्या बाजारहत्नूर गावाहून रोज बसनेच जायचा.

मी म्हटलं, त्यात काय एवढं? घर बाबांच्या नावावर आहे, म्हणजे घरमालक बाबाच. आणि दहावीत इंग्रजीत माझा हात धरणारं कोणी नाही. दादानं पाठवलेला इंग्रजी फॉर्म मोबाइलवर उघडून मी थेट बाबांच्या भाजीच्या दुकानात गेले. ते वांगी निवडत होते.

"बाबा, भाडेकरू खोली नीट ठेवायचा का?"

"चादरीची घडी करत नव्हता कधी. खोटं कायले लिहाचं?"

"असं लिवलं तर खोली मिळन का त्याले?"

"मंग लिही, नीट ठेवे. त्याची माय ठेवे, ते नको लिहू."

"आवाज, गोंधळ करायचा का?"

"लय. फोनवर खिदळत राहे." बाबांनी एक किडकं वांगं बाजूला टाकलं. "आता घरात आवाजच नाही."

मी 'नाही' वर टिक केली.

शेवटचा प्रश्न मी मोठ्यानं वाचला. "हा भाडेकरू परत आला, तर तुमी त्याले पुन्हा खोली द्याल का?"

बाबांनी हातातलं वांगं खाली ठेवलं. "खोली तशीच ठेवली म्हनाव. येतो का, ते त्यालेच विचार."



फॉर्मात 'हो' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते.