यंत्र गप्प राहिलं तेव्हा

खाणीच्या तळाशी असलेल्या प्रयोगशाळेतून पाचजण वर आले. सकाळी उतरले होते चार, पण त्याचं आता कुणाला नवल वाटत नसे. न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण न सोडता फुटणारा तो दुर्मिळ अणू एकदाचा सापडला आणि तेव्हापासून खाली शून्यातून पदार्थ जन्मू लागला. कधी चिमूटभर धूळ, तर कधी सगळ्यांच्या ओळखीचा, स्वतःच्या नि इतरांच्याही आठवणींसकट अख्खा माणूस. एकदा तर कुणाचा तरी जावई खालून रुसूनच वर आला होता!

असा कोरा माणूस ओळखायचा तो फाटकावरच्या यंत्रानं. केळी-बटाटे खाऊन वाढलेल्या देहात थोडं किरणोत्सर्गी पोटॅशियम असतंच, म्हणून यंत्र टिकटिकतं. कोऱ्या देहापुढे ते गप्प बसतं. कोऱ्यांना घरी सोडत नसत. कुंपणाआड ठेवत, कायमचं.

चौघं टिकटिकत पार झाले. शेवटी हेमलता खानविलकर उभी राहिली. यंत्र गप्प.

"गावडेकाका, बिघडलंय वाटतं," ती म्हणाली. "बाहेर माझी लेक ओवी वाट बघतेय हो!"

रखवालदार गावडेकाकांनी चष्मा पुसला. "तिच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी," म्हणत ते नखानं टेबल वाजवू लागले. टिक, टिक, टिक. "वाजलं यंत्र. जा."

"उपकार झाले, काका."

"उपकार कसले? मघाशी ओवी हट्टानं याच यंत्रापुढे उभी राहिली," काका हळूच म्हणाले. "तिच्यासाठीही नखच वाजवावं लागलं."