हळदीतला रंग

रोजच्यासारखी अण्णांनी पोत्यातली चिमूटभर हळद तळहातावर चोळली आणि हात धुतला. डाग केशरी राहिला. "यात रंग आहे. कुणी मिसळला?"

मुलगी वृंदा शेजारीच उभी होती. मोठी ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून फिकट हळदीत रंग घालायला तिनेच सांगितलं होतं. चक्कीवरच्या शिदूकाकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "चुकलं, मालक."

"तीस वर्षं माझ्या शेजारी उभं राहून हेच शिकलास, शिदू? उद्यापासून येऊ नकोस."

खरं काय ते सांगायचं, असं वृंदाने मनाशी ठरवलं. जेवताना सांगू म्हणाली, मग सकाळी सांगू म्हणाली. पहाटे झोपेतच अण्णा गेले.

तेराव्याला शिदूकाका आले आणि मांडवाबाहेरूनच फोटोला हात जोडून उभे राहिले. पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "हा भेसळवाला कुठल्या तोंडानं आला?"

वृंदा वरण वाढत होती. तिने भांडं खाली ठेवलं. "काका, आत या." मग ती फोटोकडे वळली आणि पंगतभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अण्णा, तो रंग मी घालायला लावला होता."