डाव्या खांबाची जागा

"बटणावरचा हात काढू नका, जोतीरामदा," असे बजावून गौस पुरुषभर उंच उचललेल्या अँबॅसिडरखाली ताठ उभा राहिला.

हार घालून खुर्चीवर बसवलेला पिराजी वस्ताद गाडीकडे पाहत नव्हता. त्याची नजर डाव्या खांबाच्या बुडाशी खिळली होती.

गौस त्याचाच चेला. वस्तादाने तीस वर्षे खड्ड्यात उतरून, डोळ्यांत ठिबकणारे ऑइल पुसत गाड्या दुरुस्त केल्या. आणि चेल्याने उद्यमनगरात दोन खांबांचे यंत्र घडवून, घरामागच्या शेडमध्ये गाडीच आढ्यापाशी नेली. पिराजीची शाहूपुरीतली गिऱ्हाइके आज इथे माना वर करून उभी होती.

"वस्ताद, तुमच्या खड्ड्यात आता म्हस बांधा की!" त्यांतलाच जोतीराम ओरडला.

सगळे हसले. पिराजीही हसला; सभ्यतेला लागते तेवढेच.

त्याच्यापाशी एक ज्ञान होते, आणि ते त्याने आठ दिवस कृपणाच्या निष्ठेने जपले होते. गौस शिकायला येण्याच्या कितीतरी आधी हीच शेड पिराजीने भाड्याने घेतली होती. इथेही त्याने खड्डा खणला होता. जागा सोडताना तो फौंड्रीच्या जळक्या वाळूने भरून वर फरशी घातली होती. डावा खांब नेमका तिथे उभा होता. "जागा ठीक हाय न्हवं, वस्ताद?" गौसने दोनदा विचारले होते. दोन्ही वेळा पिराजी म्हणाला होता, "एक नंबर!"

गाडी सुखरूप खाली आली. पिराजीला हायसे वाटले नाही.

नव्या यंत्रावर पहिला पाना वस्तादाचा, ही रीत. गौसने अदबीने त्याच्या हाती पाना दिला. "चला. आता गाडी वर, तुम्ही खाली."

जोतीरामने बटण दाबले. गाडी चढू लागली. पिराजीचे पाय हलेनात.

"थांबवा! डाव्या खांबाखाली माझा जुना खड्डा हाय! नुस्ती वाळू हाय रं तिथं!"

जोतीरामने मोटार बंद केली. गौसने कोपऱ्यातले एक पोते ओढत आणून उलटे केले. काळी वाळू पिराजीच्या पायांवर सांडली.

"पाया खणतानाच घावली. सगळी उपसली. मुरमापतोर काँक्रीट भरलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "पर हे मी खाली हुतो तवा सांगायचं हुतं, वस्ताद."