झोंबणारी स्लाइड

"अभियंते अबोल, हट्टी आणि कुणाचीही मदत न मागणारे असतात." पडद्यावरचं वाक्य मी मोठ्याने वाचलं, तशी मोबाइलमध्ये खुपसलेली सगळी डोकी वर आली.

यंदा ग्रंथालयाची ओळख मुलांचा स्वभाव बघून करून द्या, असा प्राचार्यांचा हुकूम होता. मी ग्रंथपाल, मानसशास्त्र मला काय कळतं? नेटवरून उचललं आणि स्लाइडवर चिकटवलं.

"कोण म्हणतं असं?" मेकॅनिकलची साबळे उभी राहिली.

"संशोधन म्हणतं."

"कुणाचं?"

"शोध ना! दरवर्षी शोधायला शिकवते, कोणी मान वर करून बघत नाही. आता झोंबलं?"

ती सॅक उचलून तडक ग्रंथालयात गेली. तिच्यामागे निम्मा वर्ग. दुपारभर त्यांनी नियतकालिकांचे जुने खंड टेबलांवर आपटले, एका लेखाच्या संदर्भसूचीतून दुसरा लेख उकरला, डेटाबेसचा पासवर्डही माझ्याकडून दरडावून घेतला. संध्याकाळी साबळेने मूळ लेखाची प्रत माझ्यापुढे टाकली.

"पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. एकाच कॉलेजातली मुलं, मुलगी एकही नाही. तुम्ही हा उघडूनसुद्धा बघितला नाहीत, मॅडम. ती स्लाइड काढून टाका."

माझे कान तापले. ती गेल्यावर स्लाइड डिलीट करणार, तेवढ्यात समोर नजर गेली. सगळी टेबलं उघड्या खंडांनी भरली होती आणि तिच्या वर्गातली मुलं अजून भांडत भांडत वाचत होती.

स्लाइड राहू दिली. उद्या सिव्हिलचा वर्ग आहे.